कष्टकऱ्यांचे छायाचित्रकार : लुईस हाइन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. अमेरिकेतील मोठ्या शहरांत लहान मुले मजुरी करीत. कोणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकी, कोणी बूटपॉलिश करी, तर कोणी गिरणीत राबे. लोक रोज त्यांच्या जवळून जात. पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. लुईस हाइन यांनी मात्र या मुलांचे हाल सर्वांना दाखवले.

हाइन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी अमेरिकेतील ऑशकॉश या गावी झाला. वडील वारले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांना कारखान्यात काम करावे लागले. पुढे शिकून ते न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षक झाले. तेथेच ते छायाचित्रे काढू लागले. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर परदेशांतून गरीब लोक उतरत. त्यांचीही छायाचित्रे त्यांनी काढली.

१९०८ साली त्यांनी शाळेची नोकरी सोडली आणि राष्ट्रीय बालकामगार समितीचे काम पत्करले. काम सोपे नव्हते. कारखान्यांचे मालक कॅमेरा आत नेऊ देत नसत. म्हणून हाइन कधी पोस्टकार्डे विकणारे बनून, तर कधी यंत्रांची छायाचित्रे घेण्याच्या निमित्ताने आत जात. मुलाची उंची ते आपल्या जाकिटाच्या बटणांवरून मोजत. त्याचे नाव, वय व काम वहीत टिपून ठेवत. माहिती खरी असेल, तरच लोक छायाचित्रावर विश्वास ठेवतील, हे ते जाणून होते.

ही छायाचित्रे पाहून अनेकांची मने हेलावली. १९३८ साली अमेरिकेत बालमजुरीला आळा घालणारा कायदा झाला. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते. हाइन यांच्या छायाचित्रांचाही त्यात मोठा वाटा होता.

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट ही १०२ मजली इमारत बांधली जाऊ लागली. तेव्हा हाइन यांनी पन्नाशी ओलांडली होती. तरीही जिवाची पर्वा न करता ते कामगारांबरोबर उंच पोलादी तुळयांपर्यंत चढले. इमारतीचे नाव सर्वांना ठाऊक झाले. ती उभारणारे कामगार कसे होते, हे हाइन यांच्या छायाचित्रांतून कळते.

त्यांची शेवटची वर्षे मात्र गरिबीत गेली. राहते घरही हातचे गेले. ३ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांची हजारो छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत.

आपल्या गावातही हमाल, सफाई कामगार, गवंडी रोज आपल्यासाठी कष्ट करतात. आपण त्यांच्याकडे आदराने पाहतो का?