रायगडावरचा दुभाषी: नारायण शेणवी आणि खिशातला ट्रान्सलेटर

बटण दाबा, बोला, की यंत्र तेच वाक्य दुसऱ्या भाषेत बोलून दाखवतं. पर्यटकांसाठी अशी हातात मावणारी व्हॉइस ट्रान्सलेटर यंत्रं मिळतात, आणि आपल्या फोनमधलं ॲपही हेच काम करतं. महाड तालुक्यातल्या रायगडावर हे काम ३५० वर्षांपूर्वी एका माणसानं केलं होतं. नाव नारायण शेणवी. शिवराज्याभिषेकाची वर्णनं वाचलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल. यंत्र कुठे कमी पडतं हे समजून घ्यायचं तर आधी त्यांचं काम बघू.

आधी एकटेच गडावर

शेणवी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे दुभाषी होते. १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार मराठ्यांनी लुटली होती आणि तिच्या नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षं रखडली होती. १६७४ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेणवी रायगडावर गेले. महाराजांच्या राणी काशीबाई नुकत्याच वारल्या होत्या, गडावर सुतक होतं. अशा वेळी कामाचा विषय लगेच काढून चालत नाही. शेणवी थांबले, निराजी पंडितांशी बोलले आणि मुंबईला पत्र पाठवलं. सोन्या-रत्नांचं सिंहासन तयार होतंय आणि जूनमध्ये राज्याभिषेक आहे, ही खबर त्यांनीच कंपनीला दिली. म्हणजे हा माणूस शब्दांबरोबर परिस्थितीही कळवत होता.

हातात अंगठी

मे महिन्यात कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन निघाला. सोबत शेणवी होतेच. चौल, निजामपूर करत मंडळी पाचाडला पोचली, तर महाराज भवानीच्या दर्शनाला पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रतापगडावर गेलेले. परत वाट बघणं आलं. शेवटी २२ मे रोजी ते गड चढले आणि २६ मे रोजी महाराजांची भेट झाली.

६ जून १६७४. राज्याभिषेकाचा दरबार भरलेला. ऑक्झिंडेन लांब उभा. त्या गर्दीत शेणवींनी एक साधी गोष्ट केली: भेट द्यायची हिऱ्याची अंगठी हात वर करून दाखवली. महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी दोघांना सिंहासनाजवळ बोलावून घेतलं. इथे एका शब्दाचंही भाषांतर झालं नाही, तरी निरोप पोचला.

नकारातली बारीक अट

मग कराराची कलमं आली, एकूण वीस. भरपाईपोटी १० हजार होन ठरले. दोन मुद्दे मात्र अडले. आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत, असं इंग्रजांचं म्हणणं. उत्तर असं आलं, की आम्ही कुठलंही नाणं बंद करत नाही, पण तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती रयतेवर करणार नाही; कस आणि वजन चांगलं असेल तर ते आपोआप चालेल. दुसरा मुद्दा वादळात किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा. ती परत करणं कोकणच्या रिवाजात बसत नाही आणि एकाला सवलत दिली की फ्रेंच, डचही मागतील, असं उत्तर मिळालं.

पहिलं उत्तर परत वाचा. तो होकार आहे की नकार? त्यातली अट गळली, तर पुढे भांडण ठरलेलं.

यंत्र कुठे अडकतं?

ट्रान्सलेटर साधारण तीन टप्प्यांत चालतो: आवाजाचा मजकूर करणं, मजकुराचं भाषांतर करणं, भाषांतर बोलून दाखवणं. पहिल्या टप्प्यात चूक झाली की ती पुढे वाहत जाते. इंग्रजांनीही शेणवींचं नाव आपल्या कागदांत नारन सिनाय असं लिहून ठेवलंय! महाड एसटी स्टँडवरचा गोंगाट, गावाकडचा हेल आणि विशेषनामं यंत्राला अशीच जड जातात.

दुसरी अडचण अर्थाची. फोनला विचारून बघा, पाऊस उघडला का? पाऊस थांबला का, असा अर्थ लागला तर उत्तम. सुरू झाला का असा लागला, तर घाटात निघालेला पाहुणा फसला. इंग्रजीतून मराठीत येताना तू, तुम्ही की आपण, हेही यंत्र अंदाजानंच ठरवतं. आणि बरीच यंत्रं इंटरनेटवर चालतात. घाटात रेंज गेली की ती गप्प.

मग वापरायचं की नाही?

बिनधास्त वापरा, फक्त काम बघून. जेवण, भाडं, रस्ता यासाठी झकास. निघण्याआधी ऑफलाइन भाषा डाउनलोड करा, वाक्यं छोटी ठेवा, आणि आलेलं भाषांतर उलटं करून तपासा. औषधाचा डोस, पोलिसांना द्यायचा जबाब किंवा पैशाचा करार असेल, तर दोन्ही भाषा येणारा माणूस शोधा.

शेणवींना शंका आली तर ते विचारू शकत होते, थांबू शकत होते. चूक झाली असती तर दोन्ही बाजूंनी त्यांनाच जाब विचारला असता. यंत्र मात्र चुकीचं वाक्यही त्याच ठाम आवाजात बोलून मोकळं होतं. निस्तरायचं तुम्हालाच असतं.