भात्यांवर उडणारे विमान

मोटारीचे ब्रेक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आज गाडीत बसण्याआधी प्रयोगशाळेतल्या टेबलावरच निसरड्या रस्त्यावरून ‘धावून’ येतो. नियंत्रक खरा, चाके, रस्ता, पाऊस मात्र संगणकाने पाठवलेले खोटे संकेत. चुकला तरी कुणी मरत नाही. हीच सोय माणसासाठी करणारे एडविन लिंक संगणकाच्या जमान्यातले नव्हते. ते ऑर्गन बनवणाऱ्याचे चिरंजीव.

लिंक यांचा जन्म १९०४चा, अमेरिकेतल्या इंडियानातला. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. उड्डाणाची शिकवणी महागडी, म्हणून या तरुणाने तळघरात ऑर्गनचेच भाते आणि पंप वापरून लाकडी विमान उभारले. दांडा हलवला की भात्यांतली हवा कमीजास्त होई आणि विमान जागच्या जागी झुके, वळे. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पण गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या खेळांचे!

खरी गरज वेगळीच होती. ढगात शिरलेल्या वैमानिकाला त्याचा अंतर्कर्ण फसवतो. संथ, एकसारखे वळण काही वेळाने जाणवेनासे होते आणि विमान कलले असूनही सरळ वाटते. अशा वेळी शरीरावर नव्हे, काट्यांवर भरवसा ठेवावा लागतो, आणि ही सवय सरावानेच लागते. लिंक यांच्या खोक्यावर झाकण होते. आत फक्त काटे दिसत.

१९३४मध्ये टपाल वाहण्याचे काम अमेरिकी लष्करी वैमानिकांवर आले आणि भर हिवाळ्यात काही आठवड्यांतच दहाहून अधिक जण दगावले. लष्करी अधिकाऱ्यांना भेटायला लिंक वाईट हवेत स्वतः विमान चालवत न्यूअर्कला उतरले. याहून चांगली जाहिरात कोणती? लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर पाच लाखांहून अधिक जण शिकले.

पुढे लिंक समुद्राकडे वळले. १९७३मध्ये फ्लोरिडाजवळ त्यांची पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. मागच्या कप्प्यातला थंडावा वाढला, कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन निकामी होत गेले आणि त्यांचा मुलगा क्लेटन व आणखी एक पाणबुड्या गुदमरून गेले.

त्यानंतर लिंक यांनी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचणारे, माणूस नसलेले, तारेवरून चालवायचे बचावयंत्र बनवायला घेतले. १९८१मध्ये बिंगहॅम्टनलाच त्यांचे निधन झाले.