सीमाभागाचे डॉक्टर : सर विल्यम वॉनलेस

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील जुन्या घरांत ‘मिरजेला नेले’ एवढे शब्द उच्चारले, की ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नसे. दुखणे गावच्या वैद्याच्या हाताबाहेर गेले, असा त्याचा अर्थ होता. पण अजून आशा आहे, असाही होता. गोव्यातील अनेक घरांतही हाच वाक्प्रयोग रूढ होता. पणजीत 1842 पासून वैद्यकीय विद्यालय असूनही लोक घाट चढून, लोंढा आणि बेळगाव ओलांडून मिरज गाठत, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. या विश्वासाच्या मुळाशी कॅनडात जन्मलेला एक शल्यविशारद होता. सर विल्यम जेम्स वॉनलेस हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 1 मे 1865 रोजी ऑन्टारिओ प्रांतातील चार्ल्स्टन या खेडेगावात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतले आणि 1889 मध्ये पदवी मिळवली. त्या काळात अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये परदेशी मिशनकार्याची मोठी लाट उसळली होती. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या एका शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जाण्याची तयारी दर्शवली, आणि पुढील काही वर्षांत हा आकडा हजारांवर गेला. वॉनलेस याच पिढीचे. पदवी हाती पडल्याच्या वर्षीच ते पत्नी मेरी यांच्यासह प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात दाखल झाले.

पहिला मुक्काम सांगलीत पडला. तेथे एक लहानसा दवाखाना होता. औषधांची कपाटे होती, पण शस्त्रक्रियेसाठी म्हणावी अशी सोय नव्हती. थोड्याच वर्षांत त्यांनी आपले काम मिरजेला हलवले. या निवडीमागे व्यवहारज्ञान होते. पुण्याहून बेळगावकडे जाणारी रेल्वे मिरजेवरून जात होती. 1891 मध्ये मिरज–कोल्हापूर फाटा सुरू झाला. मुरगावची लाईनही लोंढ्याला येऊन मिळाली होती. निपाणीला रेल्वे नव्हती. पण तेथील माणूस बैलगाडीने चिकोडी रोड स्थानक गाठू शकत होता किंवा कोल्हापूरवरून येऊ शकत होता. रुग्णापर्यंत डॉक्टरने पोहोचायचे, की डॉक्टरपर्यंत रुग्णाने, हा प्रश्न त्या काळी रुळांनी सोडवला.

त्या वेळच्या राजकीय नकाशाकडे पाहिले, तर या निवडीचे महत्त्व अधिक जाणवते. बेळगाव आणि निपाणी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, मिरज आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानांत, कोल्हापूर छत्रपतींचे, गोवा पोर्तुगीजांचा. एवढ्या राजवटींच्या सीमा ओलांडून माणसे एका रुग्णालयाच्या दाराशी येऊ लागली. पुढे याच मुलखावरून सीमावाद पेटला. पण पोटात खडा असलेल्या किंवा डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या माणसाला त्या रेषेची फिकीर कधीच नव्हती.

मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली. पैसा आला फिलाडेल्फियाहून. तेथील जॉन कॉन्व्हर्स हे बाल्डविन या प्रसिद्ध रेल्वे इंजिन कारखान्याचे प्रमुख. इंजिने बनवून मिळवलेल्या संपत्तीचा वाटा त्यांनी मिरजेच्या इमारतीसाठी दिला. रेल्वेमुळे निवडलेल्या गावात रेल्वे इंजिनांच्या पैशातून रुग्णालय उभे राहावे, हा योगायोग गमतीचा खरा. 1894 मध्ये ते सुरू झाले.

मिशनचे काम या भागाला नवीन नव्हते. लंडन मिशनने 1820 मध्येच बेळगावात पाय रोवले होते आणि तिथल्या शाळेचा एक विद्यार्थी मराठी साहित्याच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून बसला. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा, 1831 मधला. परंतु बेळगावच्या मिशनची ओळख होती ती शाळा, छापील पुस्तक आणि उपदेश अशी. धर्मांतराने घरे दुभंगली, पदमनजींनाही त्याची किंमत मोजावी लागली, आणि पाद्री म्हटला की सावध व्हावे, अशी भावना लोकांत रुजली. वॉनलेस यांना मिळालेला वारसा हा असा संशयाचा होता.

त्यांनी आपला धर्म कधी लपवला नाही. मिशनच्या पैशातून चाललेल्या त्या रुग्णालयात प्रार्थना हा परिपाठाचाच भाग होता, आणि ख्रिस्ताचा संदेश लोकांपर्यंत जावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. यात दुटप्पीपणा नव्हता. पण अडचणीत असलेल्या माणसापुढे धर्म मांडावा काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. त्याचे उत्तर सीमाभागाच्या जनतेने आपल्या पद्धतीने दिले. लोक आले, बरे झाले आणि बहुतेक जण आपापल्या देवाकडे परत गेले. विठोबाला आणि रवळनाथाला केलेले नवस मिरजेहून परतल्यावर फेडले गेले, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. लोकांनी डॉक्टर स्वीकारला, उपदेश ऐकून घेतला आणि निर्णय स्वतःकडे ठेवला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या काळी चमत्कारासारखी वाटे. डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा वापर 1884 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे ही विद्या अगदी ताजी होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक दिवस निश्चल पडून राहावे लागे. सोबत आलेले नातलग आवारातच चूल मांडत, भाकऱ्या थापत. पट्टी सुटल्यावर दिसू लागलेला म्हातारा गावी परतला, की त्याच्या पाठोपाठ त्या गावचे आणखी चार आंधळे बैलगाडीत बसत. रुग्णालयाची जाहिरात झाली ती अशी.

मिशनऱ्याची नेमणूक त्या काळी काही वर्षांच्या मुदतीची असे. सहा-सात वर्षे काम, मग मायदेशी रजा, आणि प्रकृतीने किंवा मनाने साथ दिली तर पुन्हा बोटीत पाऊल. अनेकांची सेवा पहिल्याच मुदतीत आटोपली. हवापाण्याने, तापाने किंवा एकटेपणाने ते परतले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाला आणि उन्हाळी सुटीत दोन-चार आठवड्यांसाठी परदेशी सेवा करून येण्याची पद्धत पाश्चात्त्य चर्चमध्ये फोफावली. असे शल्यविशारद आठवडाभरात अनेकांचे डोळे उघडू शकतात, त्यांची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण जखम चिघळली तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न ते विमानात बसल्यावरच निर्माण होतो.

वॉनलेस यांच्या कामाचे वेगळेपण इथे दिसते. रुग्णालय सुरू होऊन तीनच वर्षे झाली असताना, 1897 मध्ये, त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग काढले. हिंदुस्थानातील मिशनच्या वैद्यकीय शिक्षणाची ही अगदी सुरुवातीची पायरी होती. ख्रिस्ती आणि हिंदू असे दोन्ही विद्यार्थी तेथे शिकले. आपल्याखेरीज शस्त्र चालवणारे हात इथेच, इथल्या भाषेत बोलणारे तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. स्वतःचा हात नावाजला जात असताना तो वेळ शिकवण्यात घालवणे सोपे नव्हते. प्रत्येक तासाला दाराशी नवा रुग्ण उभा होता. त्यातच ते वर्ष पश्चिम हिंदुस्थानात प्लेगचे होते, आणि शतक संपता संपता भीषण दुष्काळ पडला. कुष्ठरोग्यांसाठी निवारा आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही कामे त्यानंतर उभी राहिली.

1906 मध्ये मेरी यांचे निधन झाले. सतरा वर्षांपूर्वी नवपरिणीत वधू म्हणून त्या या मुलखात आल्या होत्या. कोल्हापुरातील रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. या काळातील डॉक्टरांच्या मनःस्थितीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते मिरजेतच राहिले आणि आणखी बावीस वर्षे राहिले, एवढे पुरे आहे.

1928 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ ही पदवी दिली. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी मिरज सोडली. ‘अमेरिकन डॉक्टर’ म्हणून हिंदुस्थानात केलेल्या कामाच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1932 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मार्च 1933 मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचा मृत्यू झाला.

रुग्णालय त्यांच्यावाचून बंद पडले नाही. 1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांना रुग्णांच्या खाटेशी उभे राहून शिकण्यासाठी हेच मिशन रुग्णालय उपयोगी पडले. गावात पुढे खासगी दवाखान्यांच्या रांगा लागल्या आणि लोक मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणू लागले. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवती जी वस्ती वाढली, तिचे नाव वानलेसवाडी. ऑन्टारिओतल्या त्या घराण्याचे आडनाव तिथे अस्सल मराठी ‘वाडी’ला असे चिकटले आहे, की रिक्षावाल्याला ते सांगताना कुणाला अडखळावे लागत नाही.