५० जणांचे मुखत्यारपत्र

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की पगडी घातलेल्या, धीरगंभीर, एकाकी विचारवंताची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. मला ते चित्र पुरते पटत नाही. एकटे रानडे मला बरेचसे भिडस्त वाटतात. त्यांच्या विचाराला बळ आले ते संस्थांत.

१८४२ साली निफाडला जन्म, कोल्हापुरात बालपण, मग मुंबईचे एल्फिन्स्टन. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत ते होते. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले, तेव्हा सार्वजनिक सभा वर्षभराची होती. तिचा एक नियम मोठा मार्मिक. सभासद व्हायचे तर निदान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. बैठकीत बोलणारा एक, पण त्याच्या तोंडून बोलणार ५० जण!

आमच्या मढच्या कोळीवाड्यात हे फोड करून सांगावे लागत नाही. एकट्या तांडेलाला आपल्या जाळ्यापुरता समुद्र कळतो; सोसायटीत १० तांडेल बसले की साऱ्या किनाऱ्याचा अंदाज येतो. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने असेच केले. गावोगाव माणसे पाठवून पिके, मजुरी, उपासमार यांची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे मांडली. रानडे कितीही विद्वान असले तरी पुण्यात बसून त्यांना एकट्याला एवढे दिसले नसते. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक निघाले. त्यातले बरेच लेखन त्यांचेच.

पण संस्था विचाराला आवळूनही धरते. कुटुंब आणि जात याही संस्थाच की! विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे १८७३ मध्ये विधुर झाले आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून ११ वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केले. पुढे पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण उठले, तेव्हा प्रायश्चित्तही घेतले. आमच्या वर्गात या दोन गोष्टींवरून कडाक्याचे वाद होतात. मी तरी त्यांची वकिली करणार नाही.

१८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. रानडे रुसून बसले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. १९०१ च्या जानेवारीत ते वारले.

त्या ११ वर्षांच्या मुलीला त्यांनी लग्नानंतर स्वतः शिकवले होते. घरातल्या बायकांची बोलणी तिने सोसली, पण पुस्तक सोडले नाही. त्याच रमाबाई. १९२४ मध्ये वारेपर्यंत त्यांनी पुण्याचे सेवासदन सांभाळले, आणि तेथून शिकून कितीतरी विधवा शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या.