स्टेथोस्कोपचा शोध लावणारा डॉक्टर, ज्याच्या स्वतःच्या छातीत क्षय निघाला

खोकला झाला, दम लागला किंवा ताप उतरेना म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप काढून पाठीवर टेकवतात आणि मोठा श्वास घ्यायला सांगतात. जेमतेम अर्ध्या मिनिटाची ही तपासणी आपल्या इतकी सवयीची आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

पण साधारण दोनशे वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या फुप्फुसात काय चाललंय, हे कळायला डॉक्टरांकडे जवळपास काहीच साधन नव्हतं. बहुतेक वेळा रोग नक्की कुठला होता हे रुग्ण दगावल्यावर, शवविच्छेदनातच कळायचं. ही परिस्थिती बदलली रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने. आणि ज्या आजाराचे आवाज त्याने जगाला ऐकायला शिकवले, त्याच आजाराने वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचा जीव घेतला.

आई गेली, काकांनी वाढवलं

रेनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर या गावी झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली. तिला क्षयच झाला असावा असं मानलं जातं. वडील वकील होते, पण मुलांना सांभाळणं त्यांना जमलं नाही. रेनेला नाँत शहरात काकांकडे पाठवण्यात आलं. काका गियोम लेनेक हे नावाजलेले डॉक्टर होते आणि पोराला वैद्यकीची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच.

ते दिवस फ्रेंच राज्यक्रांतीचे होते. काकांचं घर ज्या चौकात होतं, तिथेच गिलोटिन उभं राहिलं होतं. शाळकरी वयात रेनेने मरण असं दारात पाहिलं. किशोरवयातच तो लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांच्या सेवेला लागला. या सगळ्या धामधुमीत तो ग्रीक शिकत होता, बासरीही वाजवत होता.

१८०१ साली तो पॅरिसला आला. तिथे त्याला गुरू मिळाले कॉर्व्हिझार, जे पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाले. १८०३ मध्ये लेनेकने वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिलं पारितोषिक पटकावलं.

तेव्हा छाती कशी तपासायचे?

कॉर्व्हिझार यांची आवडती पद्धत होती छातीवर बोटांनी ठोकून पाहण्याची. ही युक्ती ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये मांडली होती. औएनब्रुगर हा एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कसं कळतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. छातीचंही तसंच. आत हवा असेल तर पोकळ आवाज येतो, पाणी साचलं असेल तर भरीव.

दुसरी पद्धत म्हणजे सरळ रुग्णाच्या छातीला कान लावणं. पण त्यात अडचणी होत्या. रुग्ण अस्वच्छ असायचे, स्त्रियांच्या बाबतीत संकोच व्हायचा, शिवाय आवाज नीट ऐकूही यायचा नाही.

कागदाची गुंडाळी

१८१६ साली लेनेकची पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याच्याकडे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री आली. ती अंगाने स्थूल होती, त्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला कान लावणं तिचं वय पाहता बरं दिसलं नसतं.

तेव्हा लेनेकला एक साधी गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने कागदाच्या तावांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं आणि दुसऱ्याला आपला कान लावला. हृदयाचे ठोके नुसत्या कानाला कधी ऐकू आले नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावरच खूश झाला असता. लेनेकच्या मात्र लक्षात आलं की हृदय ऐकू येतं, तर श्वासही ऐकू येईल. मग तो स्वतः कातारीकाम करू लागला. वेगवेगळ्या वस्तूंच्या नळ्या करून पाहिल्यावर त्याने लाकडाची नळी पक्की केली. साधारण एक फूट लांब, आतून पोकळ आणि दोन तुकड्यांत सुटी होणारी. छाती आणि पाहणं या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तिचं नाव पडलं स्टेथोस्कोप.

खरं काम नळीच्या पुढचं होतं

नळी बनवणं हा या कामाचा सोपा भाग होता. कानाला ऐकू येणाऱ्या खुरखुरीचा, शिट्टीचा, बुडबुड्यांचा अर्थ काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. लेनेकने त्यासाठी एक चिकाटीची पद्धत धरली. रुग्ण जिवंत असताना त्याच्या छातीतले आवाज बारकाईने टिपून ठेवायचे. तो दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुसाची अवस्था पाहायची आणि मग दोन्हींचा मेळ घालायचा. जवळपास तीन वर्षं तो हेच करत होता.

यातून एकेका आजाराची ओळख पटत गेली. न्यूमोनियाच्या सुरुवातीला श्वास आत घेताना बारीक तडतड ऐकू येते. तापल्या भांड्यात मीठ टाकल्यावर होते तशी, असं त्याने तिचं वर्णन केलं. फुप्फुसाभोवती हवा शिरून ते दबलं, तर त्या बाजूला ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, पण श्वासाचा आवाज येत नाही. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर रुग्ण बोलताना त्याचा आवाज थेट छातीतून नळीत येतोय असं वाटतं.

एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुगून निकामी होणं, आणि ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावणं, या विकारांची नेमकी वर्णनं त्यानेच केली. क्षयाची वेगवेगळी दिसणारी रूपं ही एकाच रोगाची आहेत, हेही त्याने ठामपणे मांडलं.

यात एक माणुसकीचा तपशील आहे. छातीतल्या घरघरीसाठी तेव्हा जो फ्रेंच शब्द वापरला जायचा, तो सामान्य लोकांना मरतेवेळची घरघर म्हणून माहीत होता. तो कानावर पडून रुग्णाने धसका घेऊ नये, म्हणून लेनेक खाटेपाशी त्याऐवजी लॅटिन शब्द वापरायचा.

१८१९ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. हवी असेल तर थोडे जास्त पैसे भरून ग्रंथासोबत लाकडी नळीही मिळायची. सगळ्यांनी तिचं स्वागत केलं असं नाही. पॅरिसमधले वजनदार डॉक्टर ब्रुसे यांनी लेनेकवर कडाडून टीका केली. त्यांच्या मते बहुतेक आजारांचं मूळ पोटातल्या दाहात होतं आणि त्यावर जळवा लावणं हा उपाय होता. पण परदेशांतून तरुण डॉक्टर ही विद्या शिकायला लेनेककडे येत राहिले.

ऐकू येत होतं, बरं करता येत नव्हतं

या सगळ्या काळात क्षय लेनेकच्या भोवतीच वावरत होता. भाऊ १८१० मध्ये गेला, जिवलग मित्र आणि सहकारी बेल १८१६ मध्ये गेला, दोघेही क्षयाने. स्वतः लेनेक हडकुळा होता आणि दम्यासारख्या त्रासाने बेजार असायचा. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्याची तब्येत इतकी ढासळली की तो पॅरिस सोडून ब्रिटनीतल्या आपल्या शेतावर गेला. मोकळ्या हवेत बरं वाटलं आणि दोन वर्षांनी तो परतला. समुद्राच्या हवेने गुण येतो अशी समजूत झाल्याने त्याने रुग्णांच्या खाटांभोवती समुद्री शेवाळही ठेवून पाहिलं. उपयोग झाला नाही.

क्षय संसर्गाने पसरतो, हे त्याने मान्य केलं नाही. खरं तर अनेक वर्षांपूर्वी क्षयाने किडलेला मणका कापताना करवत लागून त्याच्या बोटाला जखम झाली होती आणि तिथे क्षयाची गाठही आली होती. पुरावा त्याच्या हातावरच होता. पण जंतू नावाची गोष्टच तेव्हा वैद्यकाला माहीत नव्हती.

१८२६ च्या वसंतात, ग्रंथाची सुधारित आवृत्ती पूर्ण होत असताना, त्याला खोकला आणि ताप सुरू झाला. त्याने आपल्या नात्यातल्या मेरियादेक याला स्टेथोस्कोप लावून आपली छाती ऐकायला लावली. मेरियादेकने जे आवाज सांगितले, त्यांचा अर्थ जगात सगळ्यात चांगला लेनेकलाच कळत होता. १३ ऑगस्ट १८२६ रोजी ब्रिटनीतल्या घरी त्याने प्राण सोडला. आपला स्टेथोस्कोप त्याने मेरियादेकलाच देऊन ठेवला होता.

त्यानंतर काय झालं?

क्षय एका प्राण्यातून दुसऱ्यात पसरवता येतो, हे व्हिलमाँ यांनी १८६५ मध्ये प्रयोगाने दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. दोन्ही कानांना लावायचा स्टेथोस्कोप १८५० च्या दशकात तयार झाला होता. पण खुरखूर, शिट्टी, तडतड यांचा अर्थ लावताना आजही डॉक्टर लेनेकनेच घालून दिलेली वाट वापरतात.

लेनेककडे नव्हतं ते आज आपल्याकडे आहे. क्षय आता औषधांनी बरा होतो आणि भारतात सरकारी दवाखान्यांत त्याची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. तरीही जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश भारतात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर अंगावर काढू नका. थुंकीची तपासणी करून घ्या. औषधं सुरू झाली तर बरं वाटू लागलं म्हणून मध्येच बंद करू नका, कारण अर्धवट उपचारांनंतर क्षय औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

लेनेकला आपला आजार ओळखता आला, पण त्यावर घ्यायला त्याच्याकडे औषध नव्हतं. आपल्याकडे ते आहे, फक्त वेळेत तपासायला जायला हवं.