आईच्या ओव्या आणि फादर स्टीफन्स



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मला मराठीचा एक तास आठवला. त्या तासाला सरांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रज धर्मगुरूची ओळख करून दिली होती.

आपली १९७१ ची मॅट्रिकची तुकडी. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा, कॅथलिक घरातला. लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर आमच्याकडे पाठ करून प्रार्थना म्हणत आणि घंटी वाजली की आम्ही गुडघे टेकत असू. देव इथे आहे एवढे कळे, शब्द कळत नसत. घरी मात्र आई पहाटे जात्यावर बसली की येशूच्या आणि मतमाउलीच्या ओव्या म्हणायची. मला त्याची लाज वाटे. ओवी ज्ञानोबांची, आपण ती उसनी आणली, असे वाटायचे. एकदा मी तिला म्हणालो, शेजारी ऐकतात, बंद कर. ती गप्प झाली.

अकरावीत सर ज्ञानेश्वरी शिकवत होते. मध्येच थांबून त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र सांगितले.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. ते वाढत होते त्या काळात त्यांच्या देशात कॅथलिक उपासनेवर बंदी आली. देश सोडून ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात बसले ते ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवेपर्यंत, ते तिथेच राहिले. त्यातला बराच काळ सासष्टीत गेला. त्यांनी कोंकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठी ओवी अशी आत्मसात केली, की ती परक्याची वाटू नये.

सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला काही नव्हते. त्यांच्यातल्याच एकाने ही उणीव फादरांपुढे मांडली. त्यातून ‘ख्रिस्तपुराण’ उभे राहिले. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, सुमारे अकरा हजार ओव्यांत. १६१६ मध्ये ते रायतूरला, म्हणजे राशोलला, रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मराठीचा गौरव करताना मोगरा, कस्तुरी, मोर अशा लोकांच्या ओळखीच्या गोष्टी घेतल्या. देवळातल्या देवाची ओळख त्यांनी लोकांच्या घरच्या शब्दांत करून दिली.

सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: नेवासे १२९०, रायतूर १६१६. नेवासे तर आपल्याच जिल्ह्यातले. तिथे, प्रवरेकाठी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सव्वातीनशे वर्षांनी त्याच ओवीत एका इंग्रजाने ख्रिस्त सांगितला. ओवी कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, जो मनापासून म्हणेल त्याची ती, असे सर म्हणाले. मी मान खाली घातली. कारण कुणालाच ठाऊक नव्हते.

त्या शनिवारी घरी गेलो आणि आईला ओव्या म्हणायला सांगितले. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती, जाते कोपऱ्यात पडले होते. बऱ्याच ओव्या ती विसरली होती. भाकरी थापता थापता तिने दोन-तीनच म्हटल्या. पिठात पाणी घालण्याआधी ती त्यावर बोटाने क्रूस काढायची, हे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले.

आता मिस्सा मराठीत असते. फादर पवित्र भाकर उंच धरतात तेव्हा मला ती परात आठवते. जो वेदीवर आहे तोच आमच्या चुलीपाशी होता, हे आईला माहीत होते. मला ते कळायला फादर स्टीफन्स आणि सर लागले.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत ओवीचा सूर कानावर आला की मी थांबून ऐकतो. आईच्या मात्र तेवढ्या दोन-तीनच ओव्या माझ्या वहीत आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हाताऱ्या अजून गात असतील, तर त्यांच्या ओव्या, मग त्या कोणत्याही देवाच्या असोत, आजच लिहून घ्या. पुढच्या मेळाव्याला येताना त्या वह्या घेऊन या.