कोऱ्या कागदावरची सही

बँकेच्या नोकरीत हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले. दीर बोट ठेवील तिथे विधवा भावजय अंगठा उठवायची. रक्कम किती, हेही विचारायची नाही. एक-दोनदा मी हटकले, एरवी गप्प बसलो. म्हणूनच कॉर्नेलिया सोराबजींच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग वाचताना मी चपापलो.

कॉर्नेलियांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. त्यांच्याकडे एकदा एक श्रीमंत पडदानशीन बाई रडत आली. कारभाऱ्याने कोऱ्या कागदावर सही घेऊन तिची मालमत्ता लुबाडली होती. अशा बायकांना परपुरुषाशी बोलायचीच चोरी, मग वकील गाठणार कसा? आईने लेकीला सांगितले, यांच्या उपयोगी पडायचे तर कायदा शीक.

लेक शिकली. डेक्कन कॉलेजात मुलगे तिच्या तोंडावर वर्गाची दारे लावून घेत. तरी ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. विलायतेची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवून, पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली.

तिथे बेलियल कॉलेजचे प्रमुख जोवेट पाठीशी उभे राहिले. ऑल सोल्स कॉलेजचे ग्रंथालय तिच्यासाठी उघडले. १८९२ मध्ये बीसीएलच्या परीक्षेची वेळ आली, तेव्हा बाईचे पेपर तपासायला परीक्षक तयार होईना. विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ही परीक्षा उत्तीर्ण होणारी ती पहिली स्त्री. पण वर्ग मिळाला तिसरा, आणि पदवी तर मिळालीच नाही. बायकांना पदवी देण्याची रीतच तिथे नव्हती!

मायदेशी येऊन त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एलएलबी आणि १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. अखेर १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सल्लागार म्हणून त्या जनानखान्यांत जाऊ लागल्या. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक बायका-मुलांची कामे त्यांनी पाहिली. ऑक्सफर्डची पदवी हाती पडली १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. कोलकात्यात रीतसर वकिली सुरू झाली, तेव्हा साठी जवळ आली होती.

गांधीजींचे राजकारण त्यांना पटले नाही. इंग्रजी राज्यावर त्यांचा विश्वास होता. म्हणून असेल, १९५४ मध्ये लंडनला त्या वारल्या तरी आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघाली नाही. त्यांची ती मते मलाही पटत नाहीत. पण काउंटरपलीकडच्या त्या भावजया आठवल्या की वाटते, कागदावर काय लिहिले आहे हे बाईला समजावे, एवढ्यासाठी या बाईने आयुष्य वेचले. मला तर नुसते वाचून दाखवायचे होते.